पाच वाजेपर्यंतची खोली

१

शिरूरला परत आल्यावर पहिला आठवडा मला झोप लागली नाही, ती एका टॉवेलच्या काळजीनं.

पांढरा, जाड, मोठ्या माणसाच्या अंगाला दोन वेढे बसतील एवढा टॉवेल. हॉटेलचं नाव काठावर पांढऱ्याच दोऱ्यानं विणलेलं, म्हणजे बोट फिरवलं तरच कळावं. साबण, शाम्पूच्या बाटल्या, कापडी सपाता नेल्या तर चालतात, टॉवेल चालत नाही, हे सम्राटनं, माझ्या नवऱ्यानं, दोनदा बजावलं होतं. तरी मी तो बॅगेत तळाशी घातला. मग घरी आल्यावर अंथरुणात पडलं की सगळी साखळी डोळ्यांसमोर यायची. हॉटेलवाले खोली तपासणार, विमान कंपनीला कळवणार, ती सम्राटच्या कंपनीला कळवणार, आणि रांजणगावच्या ऑफिसात चहा पिताना कुणीतरी म्हणणार, "त्या भालेरावच्या बायकोनं टॉवेल ढापला म्हणे." मी बी.एस्सी., बी.एड. पाच वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय. न विचारता दुसऱ्याच्या कंपासपेटीतलं रबर घेतलं म्हणून मुलांना बाकावर उभं केलंय.

पण खरं सांगायचं तर ती काळजी मीच धरून ठेवली होती. ती होती तोवर तिच्यामागची दुसरी गोष्ट दिसत नव्हती. ती गोष्ट अशी, की त्या हॉटेलात मी माझ्या पाच वर्षांच्या मुलीला बंद खोलीत एकटीला ठेवून एक तास वीस मिनिटं बाहेर होते. कुणी बोलावलं नव्हतं, काही अडलं नव्हतं. मला जायचं होतं म्हणून गेले.

हे मी सम्राटला सांगितलेलं नाही. दौंडला माझ्या वडलांना नाही. भांडगावला सासूबाईंना तर नाहीच.

२

सम्राट रांजणगावच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला. दोन हजार सहा साली कंपनीनं त्याला दोन वर्षांसाठी पोलंडच्या प्लांटला पाठवलं. पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आणि गौतमी दोन महिने त्याच्याकडे राहून आलो. एक खोली, एक पलंग, खिडकीबाहेर पार्किंग. तो कामावर गेला की मी आणि गौतमी. तो आला की तो, मी आणि गौतमी. दोन महिन्यांत मी एकटी अशी फक्त संडासात होते, आणि तिथंही दाराशी बसून ती विचारायची, "मम्मी, झालं का?"

परतताना आखातातल्या एका विमानतळावर अकरा तास थांबायचं होतं. एवढा वेळ असला की विमान कंपनीच हॉटेल देते, हे सम्राटला त्याच्या शिफ्टमधल्या कुणीतरी सांगितलेलं. त्यानं मला एका कागदावर ओळीनं लिहून दिलं. उतरल्यावर कुठल्या काउंटरला जायचं. खोली संध्याकाळी पाच वाजेपर्यंत आपली. नाश्ता साडेदहापर्यंत, पाहिजे तेवढा. खोलीत किटली असते, चहाच्या पुड्या संपल्या तर फोन करून मागायच्या, लाजायचं नाही. शेवटची ओळ होती: 'पूल, सातवा मजला. बघून तरी ये.'

"सगळं वापर," तो म्हणाला. "असल्या हॉटेलात आपल्याला परत कोण ठेवणारंय?"

हे मला शिकवायची गरज नव्हती. माझे वडील, आप्पा, दौंड जंक्शनला रेल्वेत गार्ड होते. लहानपणी पासावर कुठंही निघालो की मनमाडला नाहीतर भुसावळला दोन गाड्यांच्या मध्ये चार-सहा तास निघायचे. बाकीचे प्रवासी ते तास जांभया देत काढायचे. आमचं कुटुंब वेटिंग रूममध्ये शिरलं की संसार मांडायचं. सगळ्यांच्या आंघोळी, मळके कपडे धुऊन पंख्याखालच्या बाकांच्या पाठींवर, मधोमध वर्तमानपत्रावर भाकरी आणि ठेचा. लोक बघायचे. मी शरमेनं खांबाआड उभी राहायचे. आप्पा म्हणायचे, "मिळालेली खोली वाया घालवू नये, करुणा. आपण घेतली नाही तरी ती कुणीतरी घेणारच आहे."

३

त्या हॉटेलच्या खोलीत शिरल्यावर पहिली भीती वाटली ती शांततेची. विमानतळाच्या इमारतीतच होतं ते हॉटेल. काचेपलीकडे विमानं सरकताना दिसत होती, पण त्यांचा आवाज म्हणून नाही. गालिचा इतका जाड की गौतमी चालतेय का थांबलीय, हे वळून बघितल्याशिवाय कळेना. एका भिंतीला आणखी एक दार होतं, पलीकडच्या खोलीत उघडणारं. कडी आमच्या बाजूनं होती. मी ती हलवून बघितली. पक्की होती.

मग कामाला लागले. गौतमीला टबात बसवलं. तिचे चार फ्रॉक आणि माझे दोन कुडते शाम्पूनं धुतले, केस वाळवायच्या यंत्रानं वाळवले. यंत्र तापून बंद पडलं, तेव्हा ते गपचूप जागेवर टांगून ठेवलं. चहाच्या पुड्या बॅगेत टाकल्या आणि फोन करून आणखी मागवल्या. नाश्त्याला गेलो तेव्हा उकडलेली अंडी आणि छोटे पाव टिश्यूत गुंडाळून पर्समध्ये घातले. गौतमी मोठ्यानं म्हणाली, "मम्मी, आपण चोरतोय का?"

"गप. प्रवासाला लागतं."

"मग पर्स झाकून का धरलीस?"

अकराच्या सुमाराला ती झोपली. पडदे ओढले तशी खोलीत मिट्ट अंधार झाला, बाहेर ऊन रखरखत असताना. कागदावरच्या सगळ्या ओळींवर मी खूण केली होती. एकच राहिली होती.

दहा मिनिटं, मी स्वतःला म्हटलं. ती अशी झोपली की दीड तास हलत नाही. दार आपोआप बंद होतं. कार्ड माझ्याकडे. बाहेरच्या मुठीला 'त्रास देऊ नका'ची पाटी लावते. शिकलेल्या माणसाला कारणं पटापट सापडतात, एवढा शिक्षणाचा फायदा. सपाता हातात धरून मी अनवाणी बाहेर पडले.

पाण्यात मी उतरले नाही, मला पोहता येत नाही. सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून कडेला पाय सोडून बसले. एका बाईनं गार, वासाचा रुमाल आणून दिला. नंतर आरामखुर्चीत टेकले. वरून निळी काच, समोर निळं पाणी, आणि आसपास कुणीही मला मम्मी म्हणत नव्हतं.

तिथं मला एक विचार आला. तो लिहायचा नाही असं ठरवून मी हे लिहायला बसले होते. गौतमी झालीच नसती तर, असा तो विचार होता. चिडून, थकून माणूस असं म्हणतं, ते वेगळं. मी तो निवांत, चवीनं केला. तिच्याशिवायचं घर, तिच्याशिवायची दुपार, सगळं एकेक करून बघितलं. बघता बघता डोळा लागला.

जाग आली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात बारा वीस झाले होते.

४

दाराला कार्ड लावलं, लाल दिवा. पुन्हा लाल. तिसऱ्यांदा हिरवा.

आत अंधार होता तसाच. बाथरूमचं दार अर्धं उघडं आणि आत दिवा. तो मी बंद केला होता का, आठवेना. गौतमी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसली होती. रडत नव्हती.

"कधी उठलीस गं?"

"मघाशीच."

"घाबरलीस?"

"कशाला?"

मी पडदा ओढला आणि उजेडात तिच्या केसांकडे लक्ष गेलं. झोपताना ते ओले, मोकळे होते. आता मधोमध भांग होता, फूटपट्टीनं ओढल्यासारखा. मागं एक वेणी, कपाळ ताणलं जावं इतकी आवळलेली. शेंड्याला पांढरा दोरा. बाथरूममध्ये सुई-दोऱ्याचं एक पाकीट ठेवलेलं असतं, ते फोडलेलं दिसलं.

वेणी चार पदरांची होती. मला तीन पदरी येते, तीही दुपारपर्यंत सुटते.

"ही कुणी घातली?"

फळ्यावर लिहिलेलंच मी पुन्हा विचारलं की वर्गातली मुलं बघायची, तशी ती माझ्याकडे बघत राहिली.

"तूच तर घातलीस."

मी विचार केला. साफसफाईची बाई आली असणार. लेकरू एकटं दिसलं, रडलं असेल, तिनं समजूत घातली, वेणी घातली. चांगली बाई. पण पाटी दाराला होतीच, आत्ता मीच ती सरकवून कार्ड लावलं होतं. रिसेप्शनला विचारावं म्हणून फोन उचलला. पलीकडून हॅलो आलं. विचारायचं तर आधी सांगावं लागणार होतं, की मी मुलीला एकटीला सोडून गेले होते.

"टी बॅग्ज," मी म्हणाले. "फोर टी बॅग्ज, प्लीज."

५

आमच्या घरात अंगारा-धुपारा, नवस, उतारा काही नाही. आप्पा विहारात पौर्णिमेला बोलतात ते यावरच बोलतात. सासूबाईंनीही भांडगावात सगळं सोडलंय. एक रीत मात्र त्यांनी सोडलेली नाही. लेकरू ज्या परक्या जागी झोपलं, ती जागा सोडताना दारात उभं राहून, आत तोंड करून, त्याला नावानं तीनदा हाक मारायची. 'चल घरी, हितं ऱ्हाऊ नगं.' गौतमी सहा महिन्यांची असताना दौंडला त्यांनी अशी हाक मारली तेव्हा आप्पा हसले होते. "अहो चांगुणाबाई, पोरगी तुमच्या काखेत आहे. मग आत हाक कुणाला?"

"रिकाम्या टेसनात बी तुमी शिट्टी मारताच की, इवाई," सासूबाई म्हणाल्या. "तवा कुणाला मारता?"

आप्पांनी हसत हात जोडले. आणि मला त्या हाकेची सवय लागली. लाज वाटते, पण सवय लागली.

हॉटेलातून निघालो तेव्हा साडेचार झाले होते. सामान न्यायला आलेला माणूस दाराबाहेर गाडी घेऊन उभा. गौतमी पळत पुढं लिफ्टपाशी गेलेली. मी दार पाठीनं धरून आत तोंड केलं आणि त्या माणसाला ऐकू जाऊ नये एवढ्या हळू म्हटलं, "गौतमी, चल घरी. इथं राहू नको." पुन्हा एकदा म्हटलं.

"मॅडम, कुछ रह गया क्या?" त्यानं विचारलं.

माझे कान तापले. तिसरी हाक तोंडातच राहिली. आणि आतून, बाथरूमच्या बाजूनं, आवाज आला.

"आले."

बाईचा आवाज होता. ओले हात पुसत, घाईघाईनं ओ द्यावी तसा. जरासा वैतागलेला, घरचा.

"नहीं, कुछ नहीं," मी त्या माणसाला म्हणाले आणि दार सोडलं. ती दारं जड असतात, हळूहळू मिटतात. ते मिटल्याचा आवाज यायच्या आत मी लिफ्टपाशी पोचले होते.

विमानात नीट विचार केला. आमच्या विमानात निम्मे लोक महाराष्ट्रातले होते. पलीकडच्या खोलीत असेल कुणीतरी. त्या बाईलाही तिच्या माणसानं हाक मारली असेल. एवढं सरळ आहे.

६

शिरूरमध्ये आमचा फ्लॅट एस.टी. स्टँडच्या मागं, दुसऱ्या मजल्यावर. जूनमध्ये गौतमीची बालवाडी सुरू झाली. पहिल्याच दिवशी तिला आंघोळ घालून, केसांना नुसता बँड लावून मी डबा भरायला स्वयंपाकघरात गेले. परत आले तर वेणी घातलेली. चार पदरी, पांढरा दोरा.

मी काही विचारलं नाही. रिक्षा खाली हॉर्न देत होती.

आठवड्याभरानं तिला आणायला गेले तर बालवाडीच्या पूनम मॅडम म्हणाल्या, "करुणाताई, काय सुरेख वेणी घालता हो! पोरगी दिवसभर उड्या मारते, पण एक केस हलत नाही. आम्हाला शिकवा की."

"अहो, सोपी असते," मी म्हणाले.

असं मी तीन-चार जणींना म्हणाले. एकीला तर पदर कसे घ्यायचे तेही हवेत बोटं फिरवून दाखवलं.

आणि हळूहळू घरात एक सोय झाली. गौतमी माझ्या मागं मागं यायची थांबली. संडासच्या दाराशी बसेना. दुपारी जेवण झालं की आतल्या खोलीत जायची, दार लोटून घ्यायची, आणि तासभर तिचा हट्ट नाही, रडं नाही. मधूनच हसू ऐकू यायचं. कधी बाथरूमचा नळ चालू झाल्याचा आवाज. मी पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायला लागले. शाळेत परत लागायचा अर्ज केला. एका दुपारी तर दीड तास झोपले. पोलंडहून रविवारी सम्राटचा फोन यायचा. "काय म्हणतेय आपली शेपटी?"

"शहाणी झालीय. एकटी खेळते."

"तुला जरा आराम मिळतोय ना?"

"मिळतोय," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं, लाज त्याचीच वाटते. काय चाललंय हे मला कळत नव्हतं असं मी म्हणू शकते. पण कळून घ्यायचं नव्हतं, हे जास्त खरं आहे. आयती मिळालेली गोष्ट होती. मी ती पुरेपूर वापरत होते.

जुलैत सासूबाई चार दिवस राहायला म्हणून आल्या. चहाचा कप खाली ठेवायच्या आधीच त्यांनी नातीला पुढ्यात ओढलं आणि वेणीवरून अंगठा फिरवला.

"कुणी घातली गं ही?"

"मम्मीनं," गौतमी म्हणाली.

"हो, मीच," मी म्हणाले.

"तू?" त्या हसल्या. "लगीन झाल्यापास्नं बघती, तुला सोताचा अंबाडा धड घालता येत न्हाई. दाव बरं घालून."

"आत्ता नको आई. कुकर लावलाय."

त्यांनी कुकरकडे बघितलं. तो रिकामा, ओट्यावर पालथा होता. पोरीला गॅलरीत पाठवून त्यांनी आवाज खाली आणला. "तिकडनं निगताना हाक मारली व्हतीस?"

"मारली."

"किती बारी?"

"दोनदा."

"आन् पोरगी कुठं व्हती तवा?"

"पुढं गेली होती. लिफ्टपाशी."

त्यांनी उरलेला चहा सावकाश संपवला. खरं सांगायला तेवढी जागा मला मिळाली होती. त्या रागावल्या असत्या, बोलल्या असत्या, दौंडपर्यंत बातमी गेली असती. पण मी एकटी उरले नसते. मी उठले आणि कुकरमध्ये पाणी घातलं.

चार दिवसांसाठी आलेल्या बाई दुसऱ्या दिवशी दुपारच्या एस.टी.नं निघाल्या. शेरडांचं निमित्त केलं. चपला घालताना एवढंच म्हणाल्या, "करुणे, पोरीजवळ बसत जा. बाकीची कामं पडू दी."

७

त्यानंतरच्या शनिवारची गोष्ट. दुपारचे अडीच. मी कपड्यांच्या घड्या घालत होते आणि गौतमी आतल्या खोलीत. तिचे फ्रॉक ठेवायला मी गेले. दार वीतभर उघडं होतं.

आमचं लोखंडी कपाट आत शिरताना डाव्या भिंतीला आहे. त्याचं एक दार उघडलेलं होतं, भिंतीपासून आडवं आलेलं. त्याच्या अलीकडे, जमिनीवर, पाटावर गौतमी बसली होती, माझ्याकडे तोंड करून. तिच्या पाठीमागं उघडं दार, आणि दारामागं काय ते दिसत नव्हतं. केसही दिसत नव्हते. ते मागं घेतलेले होते, दाराच्या कडेपलीकडे.

तिचे डोळे मिटलेले होते. आणि डोकं हलत होतं. जरासं मागं ओढलं जायचं, मग सैल. पुन्हा मागं, पुन्हा सैल. गाठी असलेल्या केसांतून कंगवा ओढला की मान जाते, तशी. एका लयीत.

मी मनात म्हटलं, खेळतेय. पोरं काय काय खेळतात. कपाटाच्या बिजागरीत केस अडकलेत, ती सोडवतेय. पण तिचे दोन्ही हात मांडीवर होते. एका हातात पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा होता, ती तो वर धरून बसली होती, कुणी मागेल तेव्हा द्यायला.

मग डोकं जरा जोरात मागं गेलं.

"हळू ना, मम्मी," ती म्हणाली. डोळे न उघडता, लाडानं.

आणि लय मंदावली.

इथं मी काय केलं ते लिहिते, कारण एवढंच मला नक्की माहीत आहे. मी दोन पावलं टाकून कपाटाचं दार लोटलं असतं तर मागं काय आहे ते दिसलं असतं. कदाचित काहीच दिसलं नसतं. माझी मुलगी तिथं बसली होती आणि मी दोन पावलं टाकली नाहीत. फ्रॉक छातीशी धरून, त्या दिवशीसारखीच पाय न वाजवता, मागं सरकत स्वयंपाकघरात आले. नळ सोडला, मोठा, म्हणजे काही ऐकू येऊ नये. आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घेतली.

बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. वेणी झाली होती.

"मम्मी," ती म्हणाली, "तू भिजलीस."

८

रविवारी सम्राटचा फोन आला तेव्हा सांगायचं ठरवलं होतं. "तुला एक सांगायचंय," एवढं म्हणालेही. तो म्हणाला, "बोल पटकन, कार्ड संपत आलंय." मी म्हणाले, "गौतमीला 'अ' काढता यायला लागला." तो खूश झाला. फोन तुटला.

मग वाटलं, ज्याला सांगायचं तो हा नव्हेच. ज्या माणसाला सोडून गेले, ते माणूस समोर गॅलरीत बसून शेंगा सोलतंय.

सकाळचे दहा वाजले होते. खालच्या अंगणात कुणीतरी गालिचा झटकत होतं, स्टँडवर पुकारा चालू होता. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. तिच्या हातातली शेंग घेतली, बाजूला ठेवली. तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. तो माझ्याच मुलीचा चेहरा होता. हनुवटीवरचा देवीच्या व्रणासारखा खळगा, पुढचा हलणारा दात. मी सगळं तपासलं. तपासलं म्हणते, त्याचीही लाज वाटते.

"गौतमी, ऐक. आपण त्या मोठ्या हॉटेलात राहिलो होतो ना, तिथं तू झोपलीस, तेव्हा मी तुला एकटीला सोडून वर गेले होते. पाण्याजवळ बसायला. तुला न सांगता. लवकर परत यायला पाहिजे होतं, मी आले नाही. खूप वेळ आले नाही."

ती ऐकत होती.

"चुकलं माझं. आईनं असं करायचं नसतं. कुणीही आलं, कुणीही मम्मी म्हणून आलं, तरी मम्मी मीच आहे. कळलं ना? आणि आता मी तुला सोडून कुठंही जाणार नाही. कधीच नाही. एक मिनिटसुद्धा नाही."

मला वाटलं होतं ती रडेल. किंवा गळ्यात पडेल. किंवा पाच वर्षांची पोरं करतात तसं काही न ऐकल्यासारखं पुन्हा शेंगांकडे वळेल. यांतलं काहीही झालं असतं तरी मी पुढं जगायला शिकले असते.

'कधीच नाही' म्हटलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. बाजारातून आणायचं कबूल केलेलं खेळणं आणलं नाही की उतरतो, तसा.  मग तिनं एकदा आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं, आणि माझं मन दुखू नये म्हणून असेल, माझ्या गालावर हात ठेवून, समजुतीच्या सुरात म्हणाली,

"आज जा ना, मम्मी. थोडाच वेळ."